शेळीपासून केलेली लस बैलास कां टोंचावी?

गेल्या महिन्यांत आपल्या मंडळाच्या सभेंत गुरांच्या लसीकरणाचा विषय निघाला, तेव्हां एका वडीलधाऱ्या सभासदांनीं उभें राहून विचारलें कीं, “लंपीच्या सालीं तुम्हीं शेळीच्या देवीची लस आमच्या बैलांस टोंचलीत, आतां पुन्हां टोंचून घ्या म्हणतां. शेळी ती शेळी आणि बैल तो बैल. एकीचें औषध दुसऱ्यास लागू पडतें, हें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे?” सभेंत मोठा हंशा झाला. पशुधन पर्यवेक्षकांस दुसऱ्या गांवीं जावयाचें असल्यामुळें त्यांचें उत्तर अर्धेंच राहिलें. पण हंशा ओसरल्यावर पांच-सहा जणांनीं जाऊन यादींतील आपलीं नांवें खोडलीं, हें आम्हीं मागच्या बांकावरून पाहिलें, आणि तेव्हांपासून हा प्रश्न आमच्या मनांतून गेला नाहीं.

प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. तो विचारणाऱ्यानें शेळी, बैल व लस या तिहींचा विचार केला आहे. न विचारतां नांव खोडणाऱ्यांनीं तेवढाही केलेला नाहीं. आम्ही पशुवैद्य नव्हों. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि उमेद गेली ती महसुलाच्या कचेरींत. परंतु नोकरींतून मोकळें झाल्यावर पशुवैद्यकावरील जें कांहीं मराठींत मिळालें तें वाचून, व इंग्रजींतलें तालुक्याच्या डॉक्टरांकडून समजून घेऊन, आम्हीं कांहीं टिपणें केलीं आहेत. त्यांच्या आधारें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

उत्तराचा आरंभ लंपीपासून करून चालत नाहीं. तो बुळकांडीपासून करावा लागतो. आज जे तिशी-पस्तिशींत आहेत त्यांनीं बुळकांडी डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं, व पुढेंही कोणी पाहूं नये. जनावरास प्रथम सडकून ताप येई, रवंथ बंद पडे, डोळ्यांतून व नाकांतून पाणी आणि मग पू वाहूं लागे. हिरड्यांवर व जिभेखालीं कोंडा शिंपडावा तसे डाग उठत व ते सुटून तेथें कच्चें मांस दिसे. त्यानंतर पाण्यासारखी, दुर्गंधी, रक्तमिश्रित हगवण लागे, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवें होई. ज्या गांवीं पूर्वीं सांथ आलेली नसे तेथें दहांतलीं आठ-नऊ जनावरें दगावल्याचीं उदाहरणें आहेत. आमचे आजोबा सांगत कीं, त्यांच्या लहानपणीं घरच्या दावणीला अकरा जनावरें होतीं; एका उन्हाळ्यांत दोन उरलीं, आणि मृगाला औत धरावयास ज्याच्या त्याच्या दारीं जावें लागलें. जुन्या पाणीपत्रकांत ‘पड’ असा शेरा आम्हीं हजारों वेळां वाचला आहे. पाऊस बरा असतांना जमीन पडीक कां राहिली, हें त्या रकान्यांत लिहिण्याची चाल नव्हती. बैल नव्हता म्हणून पड राहिली, अशा नोंदी त्यांत किती असतील कोण जाणे.

उपाय म्हणून लोक काय करीत? मरीआईचा गाडा काढून तो वाजतगाजत शेजारच्या गांवच्या शिवेवर नेऊन ठेवीत. ते गांव आणखी पुढच्या शिवेवर नेई. शिवेचे दगड कोठें आहेत हें आमच्याइतकें कोणास ठाऊक नसेल. पण रोगानें ते दगड मानल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. शिवाय गाड्यामागून माणसें जात, त्यांच्याबरोबर बैल जात, आणि बैलांबरोबर जें जावयाचें तें जाई. भक्तीबद्दल आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं, बैलांबद्दल म्हणावयाचें आहे.

या रोगाची सरकारी चौकशी १८६८ सालीं हॅलन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिशननें केली व १८७१ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढें १८८९ सालीं गुरांच्या रोगांसाठीं हिंदुस्थानांतली पहिली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, ती आपल्या पुण्यांत. परंतु अशा जबर संसर्गाच्या रोगाचें बीज भरवस्तींत जवळ बाळगणें धोक्याचें, म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. बरेलीजवळ इज्जतनगर येथें जी मोठी संशोधनसंस्था आहे तिचें मूळ हेंच. १८९७ सालीं प्रसिद्ध जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हेही मुक्तेश्वरास येऊन गेले. रोगाचें बीज साध्या जंतूंहून सूक्ष्म असून जंतु अडविणाऱ्या गाळणींतून पार जातें, हें १९०२ सालीं निकोल व आदिल-बे यांनीं कॉन्स्टँटिनोपल येथें दाखविलें. अशा बीजास आपण विषाणु म्हणतों.

मुक्तेश्वरास प्रथम रक्तजल तयार करूं लागले. रोगांतून उठलेल्या जनावराच्या रक्तांत त्या रोगाशीं झुंजणारें द्रव्य असतें; तें काढून निरोगी जनावरास टोंचलें म्हणजे त्यास आयतें संरक्षण मिळतें. पण आयतें तें आयतेंच. थोड्याच दिवसांत तें सरतें, आणि सांथ त्याहून जास्त दिवस मुक्काम करते. म्हणून एका बाजूस रोगी जनावराचें सजीव विषाणूचें रक्त व दुसऱ्या बाजूस रक्तजल, अशीं दोन टोंचणीं एकदम देण्याची रीत निघाली. या रीतीनें जनावर सौम्य आजारी पडून उठे व जन्माचें सुटे. परंतु मात्रा चुकली कीं तें मरे. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, ज्या गुराचें रक्त काढावयाचें त्याच्या रक्तांत गोचिडांपासून आलेले दुसरे परोपजीवी दडलेले असत, व बुळकांडी टाळण्यासाठीं टोंचलेल्या बैलास तोच विकार जडे.

येथें शेळी आली. मुक्तेश्वरचे संचालक एडवर्ड्‌स यांनीं असा विचार केला कीं, गुरांच्या रक्ताऐवजीं शेळीच्या अंगीं हा विषाणु वाढविला तर गुरांचे परोपजीवी त्यांत राहणार नाहींत. त्याप्रमाणें एका शेळीतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत असा तो पुन्हां पुन्हां नेण्यांत आला. हेतु इतकाच होता कीं रक्त स्वच्छ मिळावें. परंतु बऱ्याच पिढ्यांनंतर तो विषाणु पुन्हां बैलास टोंचला, तेव्हां त्याचें विष मंदावलेलें आढळलें. बैलास थोडा ताप आला, दोन दिवस त्यानें वैरण टाकली आणि तो बरा झाला. नंतर खऱ्या रोगाच्या जनावराशेजारीं बांधूनही त्यास रोग झाला नाहीं. ही गोष्ट १९२७ सालच्या सुमाराची.

हें कसें घडलें, तें शेतकऱ्यास बियाण्यावरून ओळखतां येईल. काळ्या जमिनींत जोमानें येणारें बीं कांहीं पिढ्या माळावर पेरीत गेलें, तर तें माळास जुळतें. मग परत काळींत आणल्यास पूर्वीसारखा जोम धरीत नाहीं, पण जात मात्र तीच राहते. शेळीच्या अंगीं रुळलेला विषाणु बैलाच्या अंगीं तसाच दुबळा ठरला, परंतु जात बुळकांडीचीच राहिली. बैलाच्या शरीरानें त्या दुबळ्यास पाहून जी तयारी केली ती सबळाच्या वेळीं उपयोगीं पडली. दृष्टांत पुरा जुळतो असें आमचें म्हणणें नाहीं. डॉक्टरांनीं तो ऐकून मान हलविली, पण होकारार्थी कीं नकारार्थी हें स्पष्ट झालें नाहीं.

तेव्हां वडीलधाऱ्या सभासदांच्या प्रश्नाचा पहिला भाग असा सुटतो. बुळकांडीच्या लसींत शेळीचें कांहीं औषध नव्हतें. औषध बैलाच्याच रोगाचें. शेळी ही त्याची नरम करण्याची जागा.

प्रयोगशाळेंत सिद्ध झालें म्हणजे गोठ्यांत सिद्ध झालें असें नाहीं. आरंभीं धीर न झाल्यानें शेळीच्या विषाणूबरोबर रक्तजलही देत, आणि रक्तजल महाग पडे. रक्तजल वगळून नुसता शेळीचा विषाणु देशी गुरांस गांवोगांव टोंचून पाहण्याचें काम मध्यप्रांतांत, म्हणजे नागपूरच्या कारभाराखालच्या मुलखांत, स्टर्लिंग यांनीं केलें, व त्याची हकीकत १९३२ सालीं ‘व्हेटरिनरी जर्नल’ या विलायती पशुवैद्यक मासिकांत छापून आली. त्या एका सालच्या लेखानें आमच्या मतें जें काम केलें तें मोठ्या फौजेनें झालें नसतें. त्यानंतर लस स्वस्त झाली आणि खेड्यांत पोंचूं शकली.

या मासिकांविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर वाटतें, कारण शास्त्र कोठें लिहिलें आहे असें आम्हांस विचारण्यांत आलें आहे. तें यांत लिहिलें आहे. हिंदुस्थानांत असलें त्रैमासिक १८८२ सालीं मद्रासेस स्टील व स्मिथ या दोघां लष्करी पशुवैद्यांनीं काढलें. हेच स्टील १८८६ सालीं मुंबईस परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. १९३१ सालीं शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती मंडळानें पशुवैद्यक व पशुसंवर्धन यांचें स्वतंत्र नियतकालिक सुरू केलें, तें नांव बदलून पुढें चालू राहिलें. आमच्या दृष्टीनें असलें मासिक म्हणजे पंचनाम्यांचें दप्तर होय. किती गुरांस टोंचलें, कोणत्या जातीचीं, किती आजारी पडलीं, किती मेलीं, न टोंचलेल्यांचें काय झालें, हें सर्व त्यांत मांडावें लागतें; आणि छापण्यापूर्वीं त्याच धंद्यांतले दुसरे जाणते लोक तें तपासून शंका काढतात. विशेष हें कीं, फसलेला प्रयोगही त्यांत येतो. एडवर्ड्‌स यांची लस आपल्या मैदानी देशी गुरांस मानवली, परंतु विलायती व कांहीं डोंगरी जातींच्या गुरांस ती जड जाई, हेंही अशाच दप्तरांत नोंदलेलें आहे, आणि तें नोंदलेलें होतें म्हणूनच पुढचा मनुष्य त्यावर उपाय शोधूं शकला. जो पंचनामा सर्वच बरें दाखवितो तो आम्हीं कचेरींत कधीं खरा धरला नाहीं.

तो पुढचा मनुष्य वॉल्टर प्लाउराइट. त्यानें केनियांत मुगुगा येथें, १९६० च्या आसपास, जनावर अजिबात वगळून कांचेच्या बाटलींत वाढविलेल्या वांसराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर हा विषाणु सुमारें नव्वद पिढ्या चालविला. ती लस सर्व जातींच्या गुरांस निर्धोक ठरली. मग शेळीचें काम संपलें.

आतां प्रश्नाचा दुसरा भाग, लंपीचा. येथें शेळीचा संबंध अगदीं निराळा आहे, व सभेंत जो घोंटाळा झाला तो बहुधा दोन्ही एकच समजल्यामुळें झाला. लंपीचा विषाणु देवीच्या कुळांतला. तो १९२९ सालीं आफ्रिकेंत झांबिया देशांत प्रथम आढळला, व बरींच वर्षें त्या खंडाबाहेर पडला नाहीं. आपल्या देशांत तो २०१९ सालीं ओरिसांत दिसला. २०२२ च्या ऑगस्टच्या आरंभीं तो जळगांव जिल्ह्यांत रावेर तालुक्यांत निघाला, आणि पुढचे चार महिने महाराष्ट्रांतील गोठ्यांत काय चाललें होतें तें वाचकांस सांगणें नको. ज्या कुळांतला हा विषाणु, त्याच कुळाच्या एका शाखेंत मेंढीची देवी, शेळीची देवी आणि हा लंपी, असे तिघे सख्खे भाऊबंद आहेत. तिघांची ठेवण इतकी सारखी कीं, एकास ओळखणारें शरीर दुसऱ्यास बरेंचसें ओळखतें. लंपीची स्वतःची लस देशांत वापरांत नव्हती. शेळीच्या देवीची लस मात्र तयार होती. म्हणून गुरांस ती टोंचण्यांत आली. बुळकांडींत विषाणु बैलाचाच होता व शेळींत नरम झाला. लंपींत विषाणु शेळीचाच आहे व बैलाच्या शत्रूचा भाऊ आहे. हा फरक ध्यानांत ठेवावा.

आमच्या वडीलधाऱ्या मित्रांस आम्हीं दुसऱ्या दिवशीं घरीं जाऊन दंडावरची बाही वर करण्याची विनंति केली. त्यांच्या दंडावर लहानपणीं देवी टोंचल्याचा वण आहे. त्या वयाच्या बहुतेकांच्या आहे. ती लस माणसाच्या देवीची नव्हती. १७९६ सालीं इंग्लंडांत जेन्नर यानें दूध काढणाऱ्या बाईच्या हातावरील गोस्तनदेवीची लस एका मुलास टोंचली, तेथून ही विद्या निघाली. आणि पुढें टोंचीत तो विषाणुही माणसाच्या देवीचा नसून त्याच भाऊबंदकींतला होता. त्या वणाच्या बळावर देवीचा रोग जगांतून गेला. भावाची लस भावावर चालते याचा पुरावा त्यांनीं साठ वर्षें स्वतःच्या अंगावर वागविला आहे. त्यांनीं दंड न्याहाळला, बाही खालीं केली, आणि “चहा घ्या” म्हणाले.

या लसीचे दोषही सांगितले पाहिजेत. भाऊबंदाची लस ती, संरक्षण सोळा आणे मिळत नाहीं. टोंचल्यानंतर अंगांत तयारी होण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. त्या अवधींत, किंवा टोंचण्यापूर्वींच रोग अंगांत शिरलेला असल्यास, जनावर आजारी पडतें आणि लोक म्हणतात लसीनें रोग दिला. याकरितां लंपीच्याच विषाणूपासून लस करण्याचा उद्योग हिसार येथील अश्व संशोधन केंद्रानें व इज्जतनगरच्या संस्थेनें मिळून केला. २०१९ सालीं रांचीस सांपडलेला विषाणु प्रयोगशाळेंतील पेशींवर पन्नास पिढ्या चालवून नरम करण्यांत आला, व ती लस ऑगस्ट २०२२ मध्यें जाहीर झाली. रीत पाहिली तर तीच जुनी, एडवर्ड्‌स व प्लाउराइट यांची. इज्जतनगरचें मूळ पुण्यांत आहे हें वर आलेंच आहे.

आतां आमची स्वतःची गोष्ट लिहितों. २०२२ च्या भाद्रपदांत आमच्या गांवीं टोंचणारे आले तेव्हां आमची नोकरी संपत आली होती व मळ्याचें काम धाकटे बंधु पाहात. त्यांनीं आम्हांस विचारलें, “दादा, टोंचून घ्यायचे कां?” आमच्या टेबलावर शेजारच्या गांवच्या मेलेल्या जनावरांचे कागद पडले होते, तरी आम्हीं सांगितलें कीं बैल मळणीच्या कामांत आहेत, टोंचल्यानें ताप येतो, पुढच्या फेरीस पाहूं. पुढची फेरी बारा दिवसांनीं आली. तोंपर्यंत सर्जाच्या मानेवर गांठी उठल्या होत्या व पुढचे पाय सुजले होते. आजारी जनावरास लस देत नाहींत. पंधरा दिवस कडुनिंबाचें पाणी, जखमांना मलम, डॉक्टरांचीं टोंचणीं सर्व केलें. सतराव्या दिवशीं पहाटे तो गेला. सरकारानें त्या वेळीं दुभत्या गाईस तीस हजार, बैलास पंचवीस हजार व वांसरास सोळा हजार रुपये साहाय्य ठरविलें होतें. तें आम्हांस मिळालें. पण जोडींतला एक गेल्यावर दुसऱ्याचा जोड मिळविण्यास काय पडतें, हें बाजारांत जाऊन विचारावें. लसीची शंका आमच्या मनांत नव्हती. आम्हीं नुसती दिरंगाई केली. बंधूंनीं त्याविषयीं एकही शब्द काढला नाहीं, तो काढला असता तर बरें झालें असतें.

बुळकांडी मात्र गेली. देशांत १९५४ पासून मोहीम सुरू झाली, पण सांथी पुरत्या थांबेनात. कारण सर्वत्र सारखी टोंचणी होई, आणि जेथें रोगाचें ठाणें आहे तेथें मात्र दहा-वीस जनावरें सुटून राहत. पुढें ठाणीं शोधून तेथें जोर लावण्यांत आला. भारतांतील शेवटची सांथ १९९५ सालची, तामिळनाडूंतली. त्यानंतर लस टोंचणें मुद्दाम थांबविण्यांत आलें, हें ऐकून आम्हांस प्रथम नवल वाटलें. परंतु टोंचलेल्या व रोगांतून उठलेल्या जनावरांचें रक्त तपासणींत सारखेंच दिसतें. तेव्हां टोंचणी बंद केल्याखेरीज रोग खरोखर गेला कीं दडला हें कळणार कसें? मग गांवोगांव विचारपूस, रक्ताचे नमुने, आणि तोंडांत व्रण व हगवण असलेल्या प्रत्येक जनावराची वर्दी. २००६ च्या मे महिन्यांत भारत बुळकांडीमुक्त ठरला, आणि २०११ सालीं सर्व जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहींसा केलेला हा दुसराच रोग होय.

वर्दीचें महत्त्व किती याचें एक उदाहरण आपल्याकडच्याच गुरांचें आहे. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलला जाणारीं गुरें बेल्जममधील अँटवर्प बंदरांत उतरलीं, व त्यांच्यामुळें तेथें बुळकांडी पसरली. त्या धक्क्यानें अठ्ठावीस राष्ट्रांनीं १९२४ सालीं पॅरिस येथें गुरांच्या रोगांची वर्दी एकमेकांस देण्यासाठीं कायमची संस्था स्थापिली. राष्ट्रांनीं एकमेकांस वर्दी द्यावी आणि आपण शेजाऱ्यापासून गोठा लपवावा, असें अजून चालतें. लंपीच्या सालीं आमच्याच तालुक्यांत गांठी आलेली गाय रात्रीं दुसऱ्या गांवीं पोंचविल्याचें प्रकरण आम्हांस ठाऊक आहे.

कोणी विचारील कीं बुळकांडी गेली तर लाळ्या-खुरकूत कां जात नाहीं. बुळकांडीच्या विषाणूचा प्रकार एकच, व एकदां आलेली शक्ति जन्मभर टिके. लाळ्या-खुरकुताचे आपल्याकडे ओ, ए व एशिया-१ असे तीन प्रकार, लसीची शक्ति सहा महिन्यांत उतरते, आणि बरें झालेलें जनावरही कांहीं काळ घशांत विषाणु बाळगून असतें. म्हणून ती लस वर्षांतून दोनदां घ्यावी लागते. कंटाळा येतो हें खरें.

यंदा टोंचणीच्या दिवशीं सभासदांनीं पुढील गोष्टी पाहाव्या. गुरें सकाळच्या थंड वेळीं आणावीं. ताप, हगवण किंवा जखमा असलेलें जनावर आणूं नये, पण त्याची वर्दी मात्र द्यावी. लस बर्फाच्या पेटींतून निघते कीं पिशवींतून, हें विचारण्यास लाजूं नये. उन्हांत तापलेली लस निरुपयोगी असते. प्रत्येक जनावरास नवी सुई घ्यावयास सांगावें, कारण लंपी गोमाशी, डास व गोचीड यांप्रमाणें सुईनेंही जातो. चार महिन्यांखालचें वांसरू लंपीसाठीं आणूं नये. टोंचल्यावर थोडा ताप व टोंचल्या जागीं सूज येते, दूध तीन-चार दिवस कमी होतें व पुन्हां पूर्ववत् होतें. तेवढे दिवस बैल औतास जुंपूं नये. हा खाडा आधींच धरून कामाची आंखणी करावी. तें आम्हीं केलें नाहीं. कानांतील बारा आंकडी बिल्ला नसल्यास त्याच वेळीं मारून घ्यावा, व त्याचा आंकडा घरच्या वहींत जनावराच्या नांवापुढें लिहून ठेवावा.

यादी मंडळाच्या ग्रंथालयांत दरवाज्याशेजारीं टांगलेली आहे. खोडलेलें नांव पुन्हां लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. तेथें पेन्सिल दोरीस बांधून ठेविली आहे. वडीलधाऱ्या सभासदांनीं चार बैल व एक गाय अशीं पांच जनावरें लिहिलीं आहेत, आणि शेळ्या सांत.